हायर सेंटर

अकोल्यात ऑटोवाल्याला ‘शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय’ असा पत्ता सांगून पाहा. तो आधी तुमच्या तोंडाकडे पाहील, मग म्हणेल, “सर्वोपचारले जाचं हाय ना? मंग तसं सांगा ना भाऊ!” अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय विचाराल तर उत्तर येईल ‘इर्विन’. बायांचा दवाखाना अमरावतीत डफरीन आणि अकोल्यात लेडी हार्डिंग. व्हाइसरॉय गेले, त्यांच्या मडमा गेल्या, पाट्या पुन्हा पुन्हा रंगवून झाल्या. वऱ्हाडातली बाळंतपणं मात्र अजून मडमांच्याच नावावर चालू आहेत.

यातलं सगळ्यात धाडसी नाव सर्वोपचार. सर्व उपचार! एवढी हमी आठवडी बाजारातला जडीबुटीवालाही देत नाही. तो बिचारा गुडघे आणि मूळव्याध यापलीकडे शब्द टाकत नाही. सरकारी दवाखान्यांच्या हमीचा उरलेला भाग एका चिठ्ठीवर लिहिलेला असतो. चिठ्ठी अकोल्याची असो, अमरावतीची असो की धारणीची, मजकूर एकच: रेफर टू हायर सेंटर. वऱ्हाडात हायर सेंटर म्हणजे नागपूर, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

मागच्या उन्हाळ्यात मावसभावाच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्याला एका सरकारी दवाखान्यात नेलं. नाव सांगत नाही. केसपेपरच्या खिडकीवर सुतळीने बांधलेला पेन होता, पेनात रिफिल नव्हती. आत ईसीजीचं मशीन होतं, त्यात कागदाचा रोल नव्हता. डॉक्टर पोरगेला, कालपासून झोपलेला दिसत नव्हता. त्याने भावाची छाती तपासली, एक गोळी जिभेखाली ठेवायला दिली आणि दुसऱ्या हाताने चिठ्ठी लिहायला घेतली. मी विचारलं, “तिकडे खाट मिळेल ना?” तो म्हणाला, “ते तिथं गेल्यावर कळेल, काका.” वॉर्डातला मामा स्ट्रेचर ढकलता ढकलता पुटपुटला, “आता इच्यार नका करू. निंगा.”

निघालो. तळेगावच्या अलीकडे भावाला एक दणदणीत ढेकर आली आणि दुखणं थांबलं. तरी नागपूरला पोचलो, दोन तास स्ट्रेचरवर काढले. शेवटी तिथल्या डॉक्टरने चिठ्ठी उलटीसुलटी करून विचारलं, “इथं कशाला आणलं यांना?”

त्या पोरगेल्या डॉक्टरला मी दोष देत नाही. रोल नसलेल्या मशीनसमोर उभं राहून तो दुसरं काय करणार? रुग्ण त्याच्या हातात गेला तर नातेवाईक त्याची कॉलर धरतील, रस्त्यात गेला तर नशिबाला शिव्या देतील. चिठ्ठी हा रुग्णावरचा उपचार नव्हे, डॉक्टरचा विमा आहे. आणि हप्ता भरतो रुग्ण.

आम्ही तरी हमरस्त्यावरचे. धारणीच्या बाईचं बघा. अडलेली बाळंतीण धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयातून निघते आणि हरिसाल, सेमाडोह, घटांग असा घाट उतरत परतवाड्याला, अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात येते. तिथून डफरीन. तिथून नागपूर. धारणी ते अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, पुढे नागपूर पुन्हा जवळपास तेवढंच. राज्यात २०१४ मध्ये एकशेआठच्या ९३७ गाड्या धावू लागल्या तेव्हापासून हा प्रवास निदान गाडीतून होतो, हे मान्य केलं पाहिजे. वाटेतलं हरिसाल म्हणजे २०१६ मध्ये देशातलं पहिलं म्हणून गाजलेलं डिजिटल गाव. मायक्रोसॉफ्ट आलं, टेलिमेडिसिन आलं. ॲम्ब्युलन्स त्याच गावातून पुढे जाते. सरकारी निकष सांगतो, सपाट भागात तीस हजार लोकांमागे आणि डोंगराळ-आदिवासी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. निकष माणसं मोजतो. घाटाची वळणं मोजायला त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मेळघाटातला पहिला डॉक्टर म्हणजे भूमका. पोट फुगलेल्या लेकराच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके द्यायचे, त्याला तिकडे डंबा म्हणतात. अजूनही बातम्या येतात. या भूमकांना हाताशी धरावं, त्यांनी रुग्ण दवाखान्यात धाडला तर मानधन द्यावं, अशी शक्कल सरकारी यंत्रणेने काढली. शक्कल वाईट नाही. भूमकाही रेफर करायला शिकला, म्हणजे आता तो पुरता डॉक्टर झाला!

शेवटी अख्खा मेळघाटच रेफर झाला, मुंबईच्या उच्च न्यायालयात. तिथे कुपोषणाच्या याचिका वर्षानुवर्षे ऐकल्या जाताहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयापुढे आकडा आला: जूनपासून ६५ अर्भकं दगावली. न्यायालयाने आरोग्य, आदिवासी विकास, महिला व बालविकास आणि वित्त अशा चार खात्यांच्या प्रधान सचिवांना बोलावून घेतलं. एका बाळाला चार खाती. इथे विनोद करवत नाही, पुढे जातो.

खात्यांवरून आठवलं. आपल्या राज्यात तब्येतीची मुख्य खाती दोन: सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण. पहिलं खातं माणसं बरी करतं, दुसरं माणसं बरी करायला शिकवतं आणि शिकवता शिकवता बरीही करतं. रुग्णाला हा फरक कळत नाही. कळतो तो खिडकीवर. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या २,४१८ दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, उपचार सगळं मोफत झालं. चांगला निर्णय होता, हा टोमणा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळे त्यात आले, अमरावतीचं सुपर स्पेशालिटीसुद्धा आलं. पण सर्वोपचार पडलं वैद्यकीय शिक्षणाचं. निर्णय त्याच्या फाटकाबाहेर थांबला.

म्हणजे कसं, तर अकोल्यातली एखादी बाई लेडी हार्डिंगमध्ये बाळंत झाली तर केसपेपर फुकट. पेढे घेऊन निघालेला तिचा नवरा वाटेत गाडीवरून पडला आणि पाय मोडून सर्वोपचारला गेला, तर खिशात हात. रेशनकार्ड एक, शहर एक, सरकार एक. पण हाडाचं खातं वेगळं, गर्भाशयाचं वेगळं.

सुपरांचंही तसंच. अकोला-अमरावतीत सुपर दोन. अमरावतीचं आरोग्य खात्याचं; तिथे मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण होतं आणि हे काम वऱ्हाडाने मिरवावं असं आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेला खारपाणपट्टा, त्यातली शेकडो गावं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही आणि अकोट, तेल्हारा, बाळापूरकडे किडनीचा रुग्ण नाही असं गाव शोधावं लागतं. तिथल्या माणसाला नागपूरच्या अलीकडे काही मिळत असेल तर त्याला नमस्कारच केला पाहिजे. अकोल्याचं सुपर वैद्यकीय शिक्षणाचं. केंद्राच्या योजनेतली दीडशे कोटींची इमारत आधी उभी राहिली, माणसांची पदं मागून येत राहिली. वाजंत्री ठरली, मांडव पडला, नवरदेवाचा शोध चालू आहे.

आता अमरावतीलाही सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा कॉलेजांचं एकाच दमात दुरूनच उद्घाटन केलं, त्यातलं हे शंभर जागांचं. अकोल्याला असं कॉलेज २००२ मध्येच मिळालं होतं. अमरावतीत पंजाबरावांच्या नावाचं खासगी कॉलेज १९८४ पासून आहे, पण सरकारी ते सरकारी. बावीस वर्षं अमरावतीकर अकोल्याकडे पाहून दातओठ खात होते. असो. कॉलेजला शिकवायला रुग्ण लागतात. नव्या कॉलेजाला ते जुन्याच खाटांवर शोधावे लागतात. आता भोळा प्रश्न असा की खाट एक आणि खाती दोन झाली तर केसपेपर कोणाचा? यावर समित्या बसवायची गरज नाही. डिसेंबर २०२४ पासून आरोग्याचे मंत्री प्रकाश आबिटकर आणि वैद्यकीय शिक्षणाचे हसन मुश्रीफ. दोघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. एकाने दुसऱ्याकडे जेवायला जावं. तांबडा-पांढरा संपायच्या आत वऱ्हाडाचा प्रश्न सुटेल.

माणसांचं सोडा, आमचे विषाणूही रेफर होतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये देश करोना संपल्याच्या आनंदात होता आणि अमरावतीत रोजचे आकडे चढत होते. २२ फेब्रुवारीपासून शहर पुन्हा बंद झालं. अमरावती विद्यापीठाची प्रयोगशाळा आदल्या वर्षीच्या मेपासून तपासण्या करत होती, पण विषाणूची जनुकं वाचायची तर नमुने पुण्याला. तेव्हा राज्याने जाहीर केलं की अमरावतीत परदेशी विषाणू सापडलेला नाही. शंभर टक्के खरं होतं. देशीच होता. २४ मार्चला केंद्राने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दुहेरी बदल वाढल्याचं सांगितलं. त्याच घराण्यातल्या एका भावाचं बारसं जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे रोजी केलं, नाव ठेवलं डेल्टा. गावाची, देशाची बदनामी नको म्हणून ग्रीक अक्षर. अमरावतीचं नाव वाचलं, बरं झालं. पण साथ आमच्या दारात फेब्रुवारीत ओरडत होती. दिल्लीला ती एप्रिलमध्ये ऐकू आली.

शेजारच्या शेगाव तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये धडधाकट माणसांना टकलं पडली. बाहेरची पथकं आली, नमुने बाहेर गेले. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर बोट ठेवलं. केसांच्या आधी गहू तपासावा हे ज्याला सुचलं तो डॉक्टर विंचवाच्या दंशावर आयुष्य घालवलेला आहे, याची गंमत वाटते.

औषधांचीही चिठ्ठी असते. तिच्यावर ‘बाहेरून आणा’ असं लिहितात. खरेदी आधी खात्यांकडे होती. २०१७ मध्ये ती हाफकिन महामंडळाकडे गेली. ज्या हाफकिनने १८९७ मध्ये प्लेगची लस मुंबईत स्वतःला टोचून घेतली, त्याच्या नावाने सलाईनच्या निविदा निघू लागल्या. मग २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. थोडक्यात, खरेदीही रेफर. पैशाचं तर विचारू नका. २०१७ चं राष्ट्रीय आरोग्य धोरण म्हणतं की राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पातले आठ टक्क्यांहून अधिक आरोग्याला द्यावेत. महाराष्ट्र अजून निम्म्याच्या आसपास घोटाळतो आहे.

तेव्हा आबिटकर साहेब, मुश्रीफ साहेब, वऱ्हाडाचं म्हणणं फार नाही. नवी इमारत मागत नाही, नवं नाव तर नकोच नको. ईसीजीच्या रोलचं आम्ही वर्गणी काढून बघू. तुम्ही दोघांनी मिळून एकच फतवा काढा: ज्या डॉक्टरने चिठ्ठी लिहायची, त्याने आधी वरच्या दवाखान्यात फोन लावायचा, तिकडच्याने उचलायचा, आणि चिठ्ठीवर तिकडच्याचं नाव आणि वेळ घालून खाली चार शब्द लिहायचे. ‘फोन केला, खाट आहे.’