नंतर बघू

टीव्हीवरचा कार्यक्रम बघण्यापेक्षा तो साठवणं सोपं असतं. हे तत्त्वज्ञान नव्हे, निव्वळ अंकगणित आहे. अमेरिकेत हाय डेफिनिशन वाहिन्या साध्या अँटेनावर, हवेतून, फुकट मिळतात. (हे तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या मराठी माणसांनाही शपथेवर सांगावं लागतं.) या वाहिन्या स्टेशनातून निघतानाच एमपेग-२ पद्धतीनं दाबून लहान केलेल्या असतात, एका वाहिनीला सेकंदाला १९.३९ मेगाबिटच्या वर जागाच नसते. रेकॉर्ड करायचं म्हणजे जे आलं ते न उघडता डिस्कवर ठेवून द्यायचं. सेकंदाला अडीच मेगाबाइटसुद्धा भरत नाही. अडगळीतला जुना पेंटियमही एवढं काम डुलक्या घेत करतो. पण त्याच पेंटियमला 'आता दाखव बरं' म्हटलं, की त्याची पाचावर धारण बसते. दाबलेलं सगळं पुन्हा उलगडायचं, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं चित्र रंगवायचं, लगेच पुढचं घ्यायचं, शिवाय आवाज ओठांशी जुळवायचा. बातम्या देणारी बाई तोंड उघडते आणि शब्द मागाहून, सवडीनं येतात.

म्हणजे साठवण जवळजवळ फुकट, खर्च सगळा बघण्यावर. २००८ साली मी कमी पैशांत होम थिएटर कॉम्प्युटर जुळवायला घेतला तो हे गणित मांडूनच.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत होतो. गावाला नाव थॉमस एडिसनचं, कारण त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. १८७७ साली फोनोग्राफ तिथे जन्मला. आवाज आधी भरून ठेवायचा आणि सवडीनं ऐकायचा, ही खोड जगाला ज्या गावानं लावली तिथे राहून मी चार कार्यक्रम भरून ठेवले तर बिघडलं कुठे? आता त्या भागात ओक ट्री रोडवर साड्या आणि समोसे मिळतात, पण मातीचा गुण राहतोच.

तयार यंत्र मिळत नव्हतं असं नाही. टिवो १९९९ पासून बाजारात होतं. त्याचं हाय डेफिनिशनवालं स्वतंत्र मॉडेल २००६ साली आठशे डॉलरला आलं आणि पुढच्याच वर्षी तीनशेचं धाकटं भावंड आलं. अडचण किमतीची नव्हती. वर दरमहा बारा डॉलर पंच्याण्णव सेंट द्यायचे होते. आमच्या घराण्यात एकरकमी कितीही पैसे बुडवायला कुणाची ना नसते, पण 'दरमहा' हा शब्द ऐकला की सगळे सावध होतात. मिथटीव्ही नावाचं सॉफ्टवेअर मात्र फुकट होतं. आयझॅक रिचर्ड्स नावाच्या माणसानं २००२ साली ते लिहायला घेतलं आणि पुढे जगभरच्या लोकांनी हात लावून वाढवलं. कार्यक्रमांचं वेळापत्रक तेवढं एका ना-नफा संस्थेकडून विकत घ्यावं लागे, वर्षाला थोडे डॉलर. वर्षाला चालतं. दरमहा चालत नाही.

सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवण्याचं शिक्षण मी पुण्यात, तपकीर गल्लीत घेतलेलं. तिथे दुकानदार पाठ फिरवून पंखा शोधतो आणि शोधता शोधता तुमची मदरबोर्डची निवड कशी चुकली तेही सांगतो. वस्तू बिघडली तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर जाऊन उभं राहता येतं. अमेरिकेत सगळं कुरियरनं, मुक्यानं येतं. पण तिथे एक गंमत होती जी तपकीर गल्लीत नाही: मेल-इन रिबेट. वस्तू पूर्ण किमतीला घ्यायची, खोक्यावरचा बारकोड कात्रीनं कापायचा, पावतीच्या प्रतीसह पाकिटात घालून पोस्टात टाकायचा, आणि दोन-अडीच महिन्यांनी वीस डॉलरचा चेक येईल अशा आशेवर राहायचं. निम्मी गिऱ्हाइकं हे विसरतील या भरवशावरच ही योजना चालत असावी. आमच्यासारख्यांचा हिशेब तिच्या कर्त्यांनी धरलेला नव्हता. माझ्या टेबलावर बारकोड कापलेल्या खोक्यांची चवड होती आणि कॅलेंडरवर कुठला चेक कधी यायला हवा याची नोंद.

स्वस्तातलं बजेट पाळण्याची रीत सगळ्या हौशी लोकांची सारखीच असते: घरात आधीपासून आहे ते शून्य रुपये धरायचं. कीबोर्ड शून्य, डीव्हीडी ड्राइव्ह शून्य, जुन्या कॉम्प्युटरातली रॅम मापात बसली असती तर तीही शून्य. पैसे टाकायचे ते बघण्याच्या बाजूला. त्याच वसंतात एएमडीचा ७८०जी चिपसेट आला होता. त्याच्या पोटातच असा ग्राफिक्स होता की हाय डेफिनिशनसाठी वेगळं कार्ड घ्यायला नको. सोबत ४५ वॅटचा ४८५०ई प्रोसेसर. दोन्ही मिळून एका बऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या पैशांत. दोन ट्यूनर, एक टेराबाइटची डिस्क आणि काळा, आडवा, व्हीसीआरसारखा दिसणारा डबा. तो महाग पडला. पण दिवाणखान्यात ठेवायची वस्तू म्हणून डब्याचे पैसे मी फर्निचरच्या खात्यात टाकले.

या छंदातल्या पुरुषमंडळींत एक जुना विनोदी मापदंड आहे: बायकोला यंत्र कितपत चालेल? आवाज किती, दिवे किती लुकलुकतात, रिमोट किती. आमच्याकडे स्क्रूड्रायव्हर बायकोच्याच हातात असल्यामुळे हे माप नवऱ्याला लावावं लागलं. त्याची एकच अट होती: टीव्ही लावायला पासवर्ड लागता कामा नये.

अँटेना गॅलरीत लावला. सोसायटीच्या ऑफिसातून बाई आल्या आणि नियमावलीवर बोट ठेवून म्हणाल्या, गॅलरीत काही लावता येत नाही. मी १९९६ च्या कायद्यातल्या तरतुदीवर बोट ठेवलं: स्वतःच्या वापरातल्या गॅलरीत टीव्हीचा अँटेना लावायला घरमालक किंवा सोसायटी बंदी घालू शकत नाही. बाई निघून गेल्या. त्याच गॅलरीत ओला टॉवेल वाळत घातला तर नोटीस येत असे. टॉवेलाच्या पाठीशी अमेरिकेची संसद नाही.

२००९ च्या मे महिन्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले. सासरे वीज मंडळातून निवृत्त, त्यामुळे यंत्राला पहिली विचारणा 'किती वॅट?' अशी झाली. सासूबाईंची पहाटे तीनला झाली. प्रवासानं झोपेची वेळ उलटीपालटी झालेली, म्हणून त्या दिवाणखान्यात सोफ्यावर पडल्या होत्या. कुठल्याशा रेकॉर्डिंगसाठी यंत्र आपणहून जागं झालं आणि सगळे पंखे एकदम फिरले.

"अगं, इथे कोण घोरतंय?"

दुसऱ्या दिवशी मी डिस्कखाली रबराचे तुकडे घातले आणि मोठा, सावकाश फिरणारा पंखा बसवला. त्याचेही पैसे फर्निचरच्या खात्यात.

१२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या स्टेशनांनी जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं. खरं तर ते १७ फेब्रुवारीलाच व्हायचं होतं. जुन्या टीव्हीला लावायच्या डब्यासाठी सरकार चाळीस डॉलरची कुपनं वाटत होतं, घरटी दोन. त्यांचे पैसे जानेवारीतच संपले, प्रतीक्षा यादी लागली आणि तारीख पुढे गेली. सासऱ्यांना हे ऐकून अमेरिकेबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. "म्हणजे इथेही यादी लागते!"

त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ७, ११ आणि १३ क्रमांकाच्या वाहिन्या यूएचएफवरून पुन्हा आपल्या जुन्या व्हीएचएफ जागी परतल्या. अवघ्या परिसरातले फक्त यूएचएफ पकडणारे सुबक, चपटे अँटेने या तिघींपुरते बहिरे झाले. मी लांब दांड्यांचा अँटेना आणला आणि आम्ही कामाला लागलो. २००१ साली जुळ्या मनोऱ्यांपैकी उत्तरेकडच्या मनोऱ्याच्या माथ्यावरचे अँटेने इमारतीबरोबर कोसळल्यापासून न्यूयॉर्कची बहुतेक स्टेशनं एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून बोलत होती. सासरे गॅलरीत, तोंड ईशान्येला. मी टीव्हीपाशी.

"दिसतंय का?"

"नाही!"

"आता?"

ज्यांनी मुंबई दूरदर्शनसाठी गच्चीवर उभं राहून गळा बसवला आहे, त्यांना हा संवाद पाठ असतो. फरक एवढाच, की तेव्हा अर्धवट जमलं तर मुंग्यांतून का होईना माणूस दिसे. डिजिटलला अधलंमधलं ठाऊक नाही. सिग्नल थोडा कमी पडला की चित्र ठिपक्यांच्या विटा होऊन गोठतं, आणि आणखी कमी पडला तर काहीच नाही, अगदी स्वच्छ काळोख. सासऱ्यांना हे फार अन्यायाचं वाटलं. "निदान आवाज तरी द्यायचा," म्हणाले.

मग त्यांना वेगळीच काळजी लागली: हे असं दुसऱ्याचे कार्यक्रम भरून ठेवणं कायद्यात बसतं का? व्हिसावर आलेला माणूस, विचारणारच. मी त्यांना सोनीचा खटला सांगितला. १९७६ साली युनिव्हर्सल आणि डिस्नेनं सोनीच्या बीटामॅक्स यंत्रावर दावा लावला. १७ जानेवारी १९८४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी ठरवलं, की घरच्या घरी कार्यक्रम नंतर बघण्यासाठी रेकॉर्ड करणं रास्त आहे. लहान मुलांसाठी कार्यक्रम करणाऱ्या फ्रेड रॉजर्सनं आधीच साक्षीत सांगितलं होतं, की माझा कार्यक्रम लोकांनी सोयीच्या वेळी लावला तर मला आनंदच आहे. पुढे २००३ मध्ये सरकारी आयोगानं डिजिटल प्रक्षेपणात एक खूण घालायचा नियम केला. ती खूण दिसली की रेकॉर्ड केलेलं फिरवण्यावर यंत्रांनी बंधन आणायचं. जुलै २००५ पासून तो लागू व्हायचा होता. मे महिन्यातच अपील कोर्टानं तो उडवला. आणि दावा लावण्यात पुढे कोण होतं? ग्रंथपालांची संघटना. मला हे फार आवडतं. साठवलेलं सगळं वाचून व्हायलाच हवं असा आग्रह न धरणारी माणसं जगात कोण असतील, तर ग्रंथपाल.

मिथटीव्हीचा सगळ्यांत लाडका गुण म्हणजे ते जाहिराती ओळखतं. दोन जाहिरातींमध्ये क्षणभर पडदा काळा होतो, कोपऱ्यातला वाहिनीचा शिक्का नाहीसा होतो. या पुराव्यांवरून ते खुणा करून ठेवतं आणि एक बटण दाबलं की जाहिराती वगळून पुढे जातं. पण आमच्याकडे जास्त रेकॉर्डिंग पीबीएसचं, म्हणजे सार्वजनिक वाहिनीचं, आणि तिथे जाहिराती नसतात. तिथे वर्षातून काही वेळा दोन हसऱ्या चेहऱ्यांची माणसं कार्यक्रमाच्या मध्येच येऊन देणगी मागतात, देणाऱ्याला कापडी पिशवी कबूल करतात, आणि मागतच राहतात. ना पडदा काळा होतो, ना शिक्का जातो. गणपतीच्या वर्गणीसारखंच ते. कडी लावून आत बसलं तरी टळत नाही.

सप्टेंबर उजाडला आणि रविवारी फुटबॉल सुरू झालं. सामना लांबला की त्यामागचे कार्यक्रम सरकतात. यंत्र बिचारं घड्याळाप्रमाणे चालतं. परिणामी तासाच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला आम्हांला वीस मिनिटं फुटबॉल मिळे आणि शेवट मिळतच नसे. याचं मूळ १७ नोव्हेंबर १९६८ च्या संध्याकाळी आहे. न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्सचा सामना रंगात होता, सात वाजले आणि एनबीसीनं ठरल्या वेळी 'हायडी' हा मुलांचा चित्रपट लावला. शेवटच्या मिनिटभरात ओकलंडनं दोन टचडाउन करून सामना ४३-३२ असा फिरवला, तो पूर्वेकडच्या प्रेक्षकांना दिसलाच नाही. एवढा गहजब झाला, की तेव्हापासून सामना संपल्याशिवाय पुढचं काही लावायचं नाही अशी रूढीच पडली. चाळीस वर्षांनंतर त्याची किंमत सासूबाई मोजत होत्या. "या लोकांना शेवट कसा कळतो?" त्यांनी मला विचारलं. मी त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तासभर वाढवून टाकलं. जास्तीची जागा गेली, पण साठवण फुकट.

साठवण फुकट असली तरी डिस्क संपते. तासाला साधारण आठ जीबी, म्हणजे टेराबाइटमध्ये सव्वाशे तास. हे सासऱ्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून काढलं आणि खाली रेघ मारून म्हणाले, "रोज दोन तास म्हटलं तरी दोन महिने लागतील. तोवर नवीन काही भरायचं नाही. बघणार कोण हे?"

"नंतर बघू, बाबा."

डिस्क भरत आली की यंत्र सगळ्यांत जुनं रेकॉर्डिंग आपणहून पुसतं. ज्यावर 'पुसू नये' अशी खूण असेल ते सोडून. ही खूण कशी करायची ते मी घरात दाखवलं आणि तिथेच घोळ सुरू झाला. सासूबाईंनी 'अमेरिकाज टेस्ट किचन'चे सगळे भाग राखून ठेवले. सामिष भागसुद्धा, कारण भांडी छान असतात. नवऱ्यानं विज्ञानाच्या कार्यक्रमांना खुणा केल्या. मी केन बर्न्सची राष्ट्रीय उद्यानांवरची सहा भागांची, बारा तासांची नवी मालिका भरली होती, ती एकटीच नव्वद जीबीच्या पुढे. ती कुणी बघितली नव्हती, मीही नाही. पण अशी गोष्ट पुसायची म्हणजे आपण ती कधीच बघणार नाही हे लेखी देण्यासारखं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अशी वेळ आली, की डिस्कवर एकही गोष्ट पुसण्याजोगी उरली नाही आणि यंत्रानं नवीन काही घ्यायला नकार दिला.

रविवारी जेवणानंतर बैठक भरली. सासऱ्यांनी यादी वाचायला घेतली. प्रत्येक नावाला कुणी ना कुणी 'ते राहू दे' म्हणत होतं. यादी संपली. एकही नाव खोडलं गेलं नव्हतं. बैठकीत सगळ्यांत व्यवहारी सासरेच, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं.

ते उठले, चष्मा लावला आणि काळ्या डब्याच्या मागे वाकले.

"अगं, या बोर्डाला एकूण डिस्का किती लावता येतात?"

"सहा."

"आणि तू लावलीयस एकच," ते म्हणाले. "ते बारकोडवालं, पोस्टानं पैसे परत येतात ते, डिस्कवर मिळतं का?"