वंशावळकाका

पेणच्या बाजारात पोहे-पापड घ्यायला गेलेला माणूस भाव विचारतो. वंशावळकाका दुकानदाराचं आडनाव विचारतात. मग मूळ गाव, आजोबांचं नाव, आजीचं माहेर. तोवर मागे रांग लागते आणि काकांना रांगेतही दोन चुलत घराणी दिसू लागतात.

पेणपासून रोह्यापर्यंत हा गृहस्थ गावोगाव भेटतो. साठी उलटलेली, मोतीबिंदू काढलेला आणि मोबाइलवर निदान चार 'कुलबंधू' ग्रुप. इतरांच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं उगवतात. काकांच्या ग्रुपवर फेरफाराचे उतारे.

खरी अडचण मोडीची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत घरोघरचे व्यवहार मोडीत चालत. आजोबा झरझर मोडी लिहायचे, काकांना त्यातलं अक्षर लागत नाही. म्हणून पेटीच्या तळाचा कागद ग्रुपवर चढतो आणि बडोद्याचा कोणी निवृत्त मास्तर, ना ओळख ना पाळख, रात्र जागून तो लावून देतो. "आपण म्हणता तशी ही सनद नाही. भाताच्या उधारीचा कागद आहे." काका खचत नाहीत. उधारी तर उधारी, घराण्याचीच ना! दुसऱ्या दिवशी आभाराचा फोन जातो, पुढे गुडघे आणि साखर यांची विचारपूस सुरू होते. दिवाळीला बडोद्याहून चिवडा येतो, इकडून पेणचे पापड जातात. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं मात्र नसतं.

नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या चालीने तर काकांचा छळ मांडला आहे. गणेश रामचंद्र, रामचंद्र गणेश, पुन्हा गणेश रामचंद्र. दीडशे वर्षांत नावं दोनच! खाडीकाठची खाजण जमीन यांपैकी कोणी घेतली, यावरून ग्रुप फुटतो आणि दुसऱ्या नावाने नवा निघतो. त्यात एखादा दत्तक गेलेला निघाला की झाडाची फांदी भलत्याच खोडावर. बायकांचा शोध त्याहून बिकट. जुन्या वंशावळींत पुष्कळदा त्यांची नावंच नसतात, आणि असली तरी लग्नात बदललेली. अशा वेळी ग्रुपवर कधी चकार शब्द न काढणाऱ्या एखाद्या आत्या दोन ओळींत निकाल लावतात. महिनाभर भांडलेले पुरुष हात जोडलेली चित्रं पाठवतात.

रोह्याच्या काकांचा तोरा निराळा. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि त्यांच्या मते मोठी माणसंही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्याच्या घराण्यातले. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा तर जन्मच इथला, 1920 सालचा. दोघांशीही काकांचं नातं 'जवळजवळ' लागतं. मधल्या एका पिढीचा तेवढा पुरावा यायचा आहे.

पेणचे गणपती परदेशी जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. पेणचं आणि रोह्याचं नावही आडनावांतून परदेशी गेलं आहे. बेने इस्रायल या ज्यू समाजाने इथल्या गावांवरून आडनावं घेतली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर. सिनेनट डेव्हिड हे चेऊलकरच. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचा म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. 1948 मध्ये इस्रायल झाला आणि पुढच्या काळात बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. पेणमध्ये त्यांचं सिनेगॉग आहे. हायम सॅम्युएल किहीमकरांनी 1897 मध्ये लिहून पुरा केलेला समाजाचा इतिहास छापला गेला 1937 मध्ये, तोही तेल अवीवला. आता तिकडची नातवंडं इंटरनेटवर पणजोबांचं गाव शोधतात. असा निरोप आला की काका छत्री घेऊन दफनभूमी गाठतात, गवत बाजूला करतात आणि दगडावरच्या मराठी ओळी टिपून पाठवतात. दगडावर मराठीशेजारीच हिब्रूही असते. ती तिकडची नातवंडं लावून देतात. दोन्ही बाजू जुळल्या की घरात पेढे.

काकूंचं म्हणणं साधं आहे: मेलेल्यांची चौकशी पुरे, जिवंत भाच्याच्या मुलाच्या मुंजीला चला. काका लगेच तयार होतात. मुंजीला नव्वदीच्या मावशी येणार असतात आणि वही पिशवीत आधीच भरलेली असते.

तेव्हा माळा झाडताना जुन्या लग्नपत्रिका, मोडी कागद, आजीची पत्रं रद्दीत घालू नका. आधी आपल्या गावच्या काकांना फोन करा. रात्री अकरालाही ते उचलतात. फक्त आपलं आडनाव सांगताना हाताशी तासभर मोकळा ठेवा.