बघायला काही नाही, म्हणूनच या

ती. काकाजी आणि काकू,


काकाजींचा प्रश्न आपल्या कुडव्याच्या पानठेल्यावर निवडणुकीला उभा केला तर बिनविरोध निवडून येईल. नोव्हेंबरच्या थंडीत इथली, स्वित्झर्लंडातली माणसं बायकापोरांना घेऊन डोंगरावर जातात, वरच्या गवताळ माळाला एक फेरा मारतात आणि उतरून घरी येतात. वर देऊळ नाही, दर्गा नाही, धबधबा नाही, यात्रा नाही. मग जातात कशाला? आपल्याकडे माणूस प्रतापगडच्या डोंगरावर चढतो तो महाशिवरात्रीला, कचारगडच्या गुहेपर्यंत जातो तो माघ पौर्णिमेला. पाय दुखतात, पण कशासाठी दुखले ते सांगता येतं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा लांबवतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. सगळं घर घेऊन फिरायला निघायचं तर बघण्यासारखं काही नसलेली जागाच निवडावी, आणि ऋतूही असा धरावा की तिथलं उरलंसुरलं बघण्यासारखंही संपलेलं असेल.

त्सुगरबर्गचं उदाहरण घ्या. त्सुग या गावाच्या डोक्यावरचा हा सपाट डोंगर. 1907 सालापासून तारेने ओढली जाणारी रेल्वे तुम्हाला वर नेऊन सोडते. वरचं स्टेशन 925 मीटरवर आणि डोंगराचा सगळ्यात उंच ठिपका 1,039 मीटरवर, म्हणजे गिर्यारोहणाची हौस भागवायला शंभर-सव्वाशे मीटर तेवढे शिल्लक. बाकी कुरणं, दलदल, झाडांचे पुंजके आणि लहान मुलाची ढकलगाडी जाईल अशा वाटा. उन्हाळ्यातली फुलं कधीच कापलेल्या गवताबरोबर गेलेली. आल्प्सच्या उंच कुरणांवरच्या गायी सप्टेंबरातच गळ्यातल्या घंटा वाजवत खाली गोठ्यात उतरलेल्या. बर्फ अजून यायचा आहे. राहिलं काय? पिवळं पडलेलं गवत आणि ऊन. यातलं ऊन महत्त्वाचं, कारण या दिवसांत खालची खोरी आठवडा-आठवडा धुक्याखाली दडपलेली असतात आणि धुक्याचा वरचा काठ पुष्कळदा आठशे ते हजार मीटरच्या दरम्यान असतो. तेव्हा लोक डोंगरावर जातात ते ऊन खायला. कुडव्यात जी गोष्ट अंगणात फुकट मिळते तिच्यासाठी इथे रेल्वेचं तिकीट काढावं लागतं, यावर तुम्ही हसाल, खुशाल हसा. एखाद्या दिवशी धुकं हजार मीटरच्याही वर चढतं आणि मग ऊनही दिसत नाही. तरी माणसं फेरा पुरा करतात. माझ्या बाजूचा याहून सज्जड पुरावा मला सापडलेला नाही.

बघायला काही असलं की काय होतं, ते तुम्ही जाणताच. नागझिऱ्याहून परतलेल्या माणसाला गोंदियात पहिला प्रश्न कोणता विचारतात? वाघ दिसला का? नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा असा होतो, जणू पोरगं दहावीला नापास झालं. चितळ, गवे, सालईची झाडं, सकाळची थंड हवा या सगळ्याला शून्य गुण. महाबळेश्वरला तर पॉइंटांची यादीच टॅक्सीवाल्याच्या खिशात असते आणि कुटुंब दिवसभर ती यादी फेडत हिंडतं. कासच्या पठारावर फुलांपेक्षा माणसं जास्त होऊ लागली तेव्हा दिवसाला किती जणांना सोडायचं ते ठरवून द्यावं लागलं. हा रोग फक्त आपलाच आहे असं समजून इथल्या लोकांना मोठेपणा देऊ नका. त्सुगरबर्गहून दिसणारा रिगी नावाचा डोंगर सूर्योदयासाठी शंभर-दोनशे वर्षं गाजतो आहे, आणि 1871 साली युरोपातली पहिली दातेरी डोंगरी रेल्वे त्याच्यावरच चढली. मार्क ट्वेनने 1880च्या आपल्या प्रवासवर्णनात या सूर्योदयाची यथेच्छ टर उडवली आहे. त्याची मंडळी इतकी उशिरा उठतात की समोर चालला आहे तो सूर्यास्त, हे कळायलाच त्यांना वेळ लागतो. ज्या माळावर सूर्य कधीही आला तरी चालतो तिथे अशी फजिती संभवत नाही.

इथल्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर पुढचं ठिकाण किती किलोमीटर ते नसतं, किती वेळ लागेल ते असतं. हिशेब सपाटीला ताशी साधारण 4.2 किलोमीटरचा, आणि त्यात थांबण्याचा वेळ धरलेला नाही. म्हणजे काकूंनी वाटेत एकदा गुडघा चोळला, काकाजींनी एकदा तंबाखू मळली की पाटी खोटी ठरली. पण खोटी ठरलेल्या पाटीला इथे कोणी जुमानत नाही, कारण पुढे गाठायचं असं काही नसतंच. अंतर लिहिलं की माणूस ते कापायला धावतो. वेळ लिहिला की तो निदान आपल्याजवळ आहे का, एवढं तपासतो.

आता तुम्ही म्हणाल, हे रिकामटेकड्यांचं तत्त्वज्ञान झालं. पण रिकामटेकड्यांनी राज्यघटना बदलल्याचं ऐकलं आहे का? घाटरस्ते मोटारींनी व्यापले आणि पायी जाणाऱ्याला धुरळा तेवढा उरला, म्हणून योहान याकोब एस नावाच्या एका शाळामास्तराच्या पुढाकाराने 1934 साली पायवाटांची देशभरची संघटना उभी राहिली. 1979 साली पायवाटांचा विषय घटनेत घालायचा की नाही यावर सगळ्या देशाचं मतदान झालं आणि तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांनी हो म्हटलं. 1985च्या कायद्याने तर ठरवून टाकलं की एखादी वाट मोडली, किंवा तिच्यावर लांबवर डांबर ओतलं, तर तिच्या बदल्यात दुसरी द्यायची. आज खुणा केलेल्या वाटा 65,000 किलोमीटरहून जास्त आहेत, म्हणजे पृथ्वीला दीड फेरा. त्याहून जुन्या दिवाणी कायद्याने रानात आणि चराऊ कुरणात कोणालाही पाय ठेवायची मुभा आहे, मालक कोणीही असो. आपल्या पांधणींची गत आठवा. एका बाजूने नांगराचा तास दरवर्षी वीतभर सरकतो, दुसऱ्या बाजूने प्लॉटवाल्याचं कुंपण, आणि मधल्या वाटेचा पत्ता फक्त तलाठ्याच्या नकाशाला ठाऊक. गोंदिया शहर कुडव्याला येऊन भिडलं आहे. ज्या धुऱ्यावरून पोरं शाळेत जात त्याच्यावर उद्या कोणाचं तरी पार्किंग असेल. तेव्हा उगाच फिरण्याची जागा राखणं हे काम काही रिकामं नाही.

तुमचा सगळ्यात जड आक्षेप मी मागे ठेवला होता. ज्याच्या बांधीत कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या आहेत त्याला नोव्हेंबरात फिरायची फुरसत कुठून? अवकाळी आला तर कडपा भिजणार, म्हणून पुंजणे घालायची घाई, मग चुरणं, मग खरेदी केंद्रावरची रांग. हा आक्षेप खोडता येत नाही आणि मी खोडणारही नाही. इथेही माळावर फिरताना दिसतो तो बँकेतला, कचेरीतला माणूस. ज्याच्या कुरणातून वाट जाते तो शेतकरी त्या वेळी गोठ्यात शेण काढत असतो. पण कुडव्यात तरी आता बांधीत किती जण उतरतात आणि सकाळी डबा घेऊन गोंदियाला किती जण निघतात? फुरसत नाही ही तक्रार पहिल्यांच्या तोंडी शोभते. ती दुसऱ्यांनी उसनी घेऊ नये.

शिवाय बिनकामाची सहल ही गोऱ्यांची खोड आहे हे मला मान्य नाही. कार्तिकातलं आवळीभोजन काय आहे? घरात चांगली चूल पेटलेली असताना भांडीकुंडी घेऊन आवळ्याच्या झाडाखाली जायचं, तिथे रांधायचं, जेवायचं, परत यायचं. आवळीखालून काय दिसतं? आवळे. काकू म्हणतील, त्यात पुण्य आहे. असेलही. पण त्या पुण्याच्या धाकाने वांग्याच्या भाजीतली तर्री कोणी कमी केल्याचं ऐकिवात नाही, आणि रोडग्यांवर तूप ओततानाही कोणाचा हात थरथरत नाही. देव हे निघण्याचं निमित्त, माणसं निघतात ती एकत्र जेवायला. इथल्या मंडळींनी निमित्त गाळलं आणि जेवण ठेवलं: रानात ठिकठिकाणी सगळ्यांसाठी दगडी चुली बांधलेल्या आहेत, कुठे कुठे शेजारी सरपणही रचून ठेवलेलं, आणि त्यांवर लोक काठीला टोचून सॉसेज भाजतात. वांगं त्याच निखाऱ्यावर जास्त चांगलं भाजेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुलं कंटाळतील ही भीतीही तिथेच मिटते. ज्या पोराला विस्तवाजवळ काठी हातात मिळाली आहे, त्याने डोंगराचं नाव विचारल्याचं कोणी पाहिलं आहे?

म्हणून विनंती अशी की उन्हाळ्यात येऊ नका. मे महिन्यात आलात तर टिटलिसच्या डोंगरावर नेणं भाग पडेल. तिथे 3,020 मीटरवर शाहरुख आणि काजोल पुठ्ठ्याचे होऊन बर्फात उभे आहेत, त्यांच्याजवळ फोटोसाठी रांग असते, आणि ती रांग बघून काकाजींना खरेदी केंद्राचीच आठवण होईल. त्यापेक्षा भारी धानाचे पुंजणे पडू द्या, मंडईच्या जत्रेतलं नाटक एकदा पहाटेपर्यंत बघून घ्या आणि मग निघा. लोकरीचे मोजे काकूंनी विणत बसू नयेत, इथे मिळतात. रोडग्यांसाठी गव्हाचं जाडसर पीठ मात्र लागेल, ते इथे शोधून पाहतो. गोवऱ्या आणू नका. त्या कशासाठी, हे विमानतळावर समजावून सांगण्याइतकं जर्मन आपल्या घरात अजून कोणाला येत नाही.

तुमचा पुतण्या