गाडी तिसावर आहे म्हणे!

ऐकलंत का? नसेल तर जरा जवळ सरका, हे मोठ्यानं बोलण्यातलं प्रकरण नाही. पुण्यात नोकरीला लागलेली आपली भोर-वेल्ह्याची पोरं, ज्यांच्या तोंडाला कधी सुपारीचा वास आला नाही, ती म्हणे शनिवारी गावाकडं निघताना गाडीला दारू पाजतात. साध्यासुध्या गाडीला नव्हे, टर्बोवाल्या. आणि पाजून झाली की तिला पाबे घाटात पळवतात. शांतं पापं!

बातमी नसरापूरच्या टपरीवर पोचेपर्यंत तिला पाय फुटले होते. एक म्हणाला, डिकीत कॅन होता. दुसरा म्हणाला, कॅन कसला, रमची बाटली. तिसऱ्यानं शपथेवर सांगितलं की सायलेन्सरमधून वास येतो. त्याला तो वास इतका झटकन ओळखू आला, यावर कोणी काही बोललं नाही.

रमचं तेवढं खरं मानू नका. रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के, बाकी बहुतेक पाणीच. टाकीत ओतली तर चेलाडी फाट्यापर्यंतही गाडी जायची नाही. इंजिनाला लागतं ते पाणी काढून टाकलेलं इथेनॉल, नव्याण्णव टक्क्यांच्या वरचं, आणि त्यात माणसानं तोंड घालू नये म्हणून मुद्दाम बिघडवलेलं. म्हणजे गाडीची चैन आपल्यापेक्षा कडक, आणि तिच्यातला घोटभर आपल्याला मागायची सोयसुद्धा ठेवलेली नाही.

बरं, कायद्यानं तरी हे कसं चालतं? आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जागा आहे. प्यायची तर परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, आणि वयाची अट पंचवीस. चाकणला जन्मलेली पोलो जीटी टीएसआय बाजारात आली २०१३ मध्ये. हिशेब करा, अजून अज्ञान आहे पोर! पण तिला कोणी परवाना विचारत नाही. याला इतिहास आहे बरं का. १९४८ मध्ये दिल्लीनं पेट्रोलमध्ये पॉवर अल्कोहोल मिसळण्याचा कायदा केला आणि १९४९ मध्ये मुंबई प्रांतानं माणसांच्या पेल्यावर झाकण ठेवलं. एका वर्षात गाड्यांना दिलं, पुढच्या वर्षी माणसांचं काढून घेतलं. सरकारचा ओढा कुणाकडं आहे हे तेव्हाच समजायला हवं होतं.

आणि नाकं मुरडणाऱ्यांनी जरा स्वतःच्या टाकीत डोकावून बघावं. तुमची स्कूटर, शेजारणीची व्हॅगनआर, ग्रामसेवकांची मोटरसायकल, सगळ्या वीस टक्क्यांवर आहेत. २०१४ मध्ये पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल असायचं. जून २०२२ मध्ये दहा टक्के झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांनी बंगळूरला ई-२० चा नारळ फोडला, आणि आधी २०३० साठी ठरवलेलं वीस टक्क्यांचं लक्ष्य २०२५ मध्येच गाठलं. पुण्याचा मान तर त्याहून आधीचा. ५ जून २०२१ ला, पर्यावरण दिनाला, ई-१०० चा प्रयोग सुरू झाला तो पुण्यातच, तीन पंपांवर. तेव्हा सारा गावच ओला झालाय. बोभाटा मात्र या चार पोरांचा, कारण बाकीचे कुरकुरत पितात आणि ही हौसेनं.

कुरकुरीची गोष्ट निघालीच आहे तर किकवीकडच्या एका अप्पांची ऐकाच. नीरेच्या अंगानं ऊस, निगड्याच्या अनंतनगरला राजगड सहकारी साखर कारखाना, अप्पा तिथले जुने सभासद. सभेत बोलायला उभे राहिले की माइक सोडत नाहीत. साखरेत काही राम नाही, इथेनॉल हेच शेतकऱ्याचं भविष्य, मळीचं सोनं झालं पाहिजे. टाळ्या. आणि पुण्याला जायचं झालं की आधी पंपावर चौकशी, ‘इथेनॉल नसलेलं पेट्रोल कुठं मिळतं हो?’ मग शंभर ऑक्टेनचं ते उंची पेट्रोल भरतात, जे डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या पहिल्या दहा शहरांत पुण्यालाही आलं आणि ज्याचा भाव ऐकून साधा माणूस नोझल परत अडकवून टाकतो. कारण काय, तर अॅव्हरेज पडतं. कुणी विचारलं, ‘अप्पा, मग आपलं इथेनॉल घालायचं कुणी?’ तर अप्पांचं उत्तर, ‘लोकांनी.’

अॅव्हरेज पडतं हे मात्र खोटं नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ओरड फारच वाढली तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलं, ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत एक-दोन टक्के, बाकीच्यांत तीन ते सहा. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय द्या म्हणून कुणी सर्वोच्च न्यायालयात गेलं, तर १ सप्टेंबरला ती याचिकाही निकालात निघाली. लोकांचं म्हणणं एवढंच, की कमी ऊर्जेचा माल तर भाव कमी का नाही? या प्रश्नावर मात्र पंपावरचा पोऱ्या ते दिल्ली, सगळ्यांना एकदम दुसरं काम आठवतं.

आता टर्बोवाल्यांचं खूळ. ज्या गुणासाठी ही पोरं वेडी झालीत तो गुण अगदी खरा आहे, म्हणून तर चर्चा रंगते. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणारी चक्की, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी. ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा दाबली की तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायची वाट न बघता आपल्याच मनानं पेटतं आणि इंजिन आतून खटखटतं. गाडीचा संगणक कान लावून बसलेलाच असतो. खटखट ऐकू आली की तो ठिणगी मागं घेतो, इंजिन वाचतं आणि पिकअप मरतो. घाटात ऐन वळणावर गाडी हिरमुसते ती यामुळं.

इथेनॉल असं उतावीळ नाही. मंत्रालयाच्याच आकड्यांत त्याचं ऑक्टेन १०८.५, तर नुसत्या पेट्रोलचं ८४.४. शिवाय ते वाफ होताना भरपूर उष्णता ओढून घेतं. इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की गार लागतं, तसंच. टीएसआयसारख्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्येच फवारलं जातं, त्यामुळं तो गारवा नेमका हवा तिथं मिळतो. मग संगणक ठिणगी पुढं आणायला धजतो, सॉफ्टवेअर बदलून रीमॅप केलेला असेल तर टर्बोचा दाबही वाढवतो, आणि गाडी जी उठते म्हणता! ज्या थेंबामुळं अप्पांचं अॅव्हरेज पडतं, त्याच थेंबासाठी पोरं कासावीस.

पाबे घाटातलं एक दृश्य तर थेट मागच्या सीटवरून आलंय, त्यामुळं पक्कं. खानापूर सोडलं, रांजण्याच्या पुढं चढ लागला. गाडी पोराची, पुढच्या सीटवर आत्या, मांडीवर आंबेमोहोराची पिशवी. स्टिअरिंगखाली एक काडेपेटीएवढी डबी खोचलेली, संगणकानं ठिणगी किती मागं घेतली त्याचे आकडे ती मोबाइलवर दाखवतेय. तिसऱ्या गिअरला पोरानं पाय दाबला.

‘आत्या, तो लाल आकडा वाच गं. मागच्या वेळी इथंच उणे चार दाखवत होता.’

‘आता शून्य आहे. म्हणजे ताप उतरला का?’

‘तसंच समज.’

‘पाजल्यामुळं?’

‘हो.’

‘तुझे आजोबाही असंच म्हणायचे. कोणी ऐकलं नाही त्यांचं.’

वरच्या खिंडीत पोचल्यावर राजगड-तोरणा दोन्ही समोर उभे. माणसं फोटो काढायला उतरली, आणि पोरगा? बॉनेट उघडून उभा! तेवढ्यात खालून एसटी आली. ड्रायव्हरनं बॉनेट बघून विचारलं, ‘गरम झाली काय?’ पोरगा म्हणाला, ‘नाही काका, उलट गार आहे, तेच बघतोय.’ काकांनी कंडक्टरकडं बघितलं. एसटी निघून गेली. (घाटातली वळणं आंधळी आहेत, समोरून गुरं येतात, दुचाकीवर तिघं येतात. एवढा दम असेल तर तो चाकणच्या एखाद्या कंपनीच्या ट्रॅकवर दाखवावा. हे आमचं मत, कुणी विचारलेलं नाही.)

माल मिळतो कुठून, हा खरा चवीचा प्रश्न. इंडियन ऑइलनं मार्च २०२४ मध्ये ‘इथेनॉल १००’ नावाचं इंधन काढलं, सुरुवातीला १८३ पंपांवर, त्यात महाराष्ट्रही होता. नावात शंभर असलं तरी इथेनॉल साधारण ९३ टक्के, पाचेक टक्के पेट्रोल आणि वर थोडा मिश्रण फुटू नये म्हणून घातलेला द्रव. दुधात पाणी घालणाऱ्यांच्या मुलखात दारूत पेट्रोल घालून विकतात, काय सांगावं! हे इंधन आहे फ्लेक्स-फ्यूल गाड्यांसाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये गडकरीसाहेबांनी इथेनॉलवर चालणारी इनोव्हा दाखवली होती, तशांसाठी. पण कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या पोरांना त्याचं काय? चाळीस लिटरच्या टाकीत साडेपाच लिटर ‘शंभर’ आणि बाकी पंपावरचं ई-२० घातलं की तीस टक्के होतं. अकरा लिटर घातलं की चाळीस. शाळेत मिश्रणाच्या गणिताला ज्यांची दांडी उडायची, ती पोरं आता दशांश चिन्हासकट उत्तर देतात.

‘मग शंभर टक्केच का नाही घालत?’ असं कुणा भाबड्यानं विचारलं. घालायचं तर इंजेक्टर मोठे हवेत, पंप मोठा हवा. पेट्रोलला जाळायला चौदा-पंधरापट हवा लागते, इथेनॉलला नऊपट. म्हणजे तेवढ्याच हवेत माल कितीतरी जास्त सोडावा लागतो. तिसापर्यंत गाडीचा संगणक कसाबसा सांभाळून घेतो. त्यापुढं रेटलं की मिश्रण पातळ पडतं, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, आणि पातळ मिश्रणावर टर्बो दाबला तर पिस्टन वितळून हातात येतो. सर्व्हिस सेंटरवाल्याला कळलं तर वॉरंटीही गेली. तिथं मात्र पोरगा साळसूदपणे सांगतो, ‘नाही हो, नेहमीच्याच पंपावर भरतो.’

आणि आपला पाऊस! इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. केळद-मढे घाटाकडं जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीसुद्धा घाम गाळतात. तिथं अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी ठेवली आणि पाणी पुरेसं शिरलं, तर इथेनॉल पाण्याचा हात धरून तळाला जातं आणि पेट्रोल वर एकटं राहतं. पाण्याबरोबर पळून जाण्याची ही खोड लग्नघरात सांगू नये अशी. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सीलही फुगतात. तोरण्याच्या पायथ्याला डिसेंबरच्या पहाटे जास्त टक्क्यांची गाडी सेल मारूनही उठायला कुरबुर करते, ते वेगळंच.

बाहेरच्या जगात याचं कुणाला काही वाटत नाही म्हणे. ब्राझीलनं १९७५ पासून उसावर गाड्या चालवायचा ध्यास घेतला, आज तिथलं साधं पेट्रोलच तीस टक्क्यांचं आहे. स्वीडनच्या कोनिगसेगनं २००७ मध्ये ८०६ अश्वशक्तीच्या मोटारीला ई-८५ पाजलं, तर ती १०१८ वर गेली. आमच्या पोराला हे दोन आकडे देवाच्या आरतीसारखे पाठ आहेत.

इकडं ऊसवाल्यांच्या पोटात वेगळीच कळ. तेल कंपन्या २०२४-२५ मध्ये सी-हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरमागं ५७.९७ रुपये देत होत्या, उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५.६१, आणि मक्याच्या? ७१.८६! त्यात डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करायलाच बंदी आली आणि आठवड्याभरात थोडी सैल झाली. कर्ज काढून उभ्या केलेल्या डिस्टिलऱ्या तेव्हा तोंडाकडं बघत राहिल्या. आता देशात सगळ्यात जास्त इथेनॉल मक्याचं. शिवाय सरकारी गोदामातला तांदूळही त्याच भट्टीत जातो, हे वेल्ह्याकडच्या (आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणायचं) भातवाल्यांना कळलं तेव्हा एका आजींनी चुलीवरचं आधण उतरवून विचारलं, ‘भाताची दारू करून गाडीला? आणि गाडी कुठं नेणार? हॉटेलात भात खायला?’

या सगळ्यात पाबे घाटातल्या त्या पोराचं लग्न निघालं. मध्यस्थानं स्थळ सांगितलं तेव्हा आत्यानं आधीच सावध केलं होतं, गाडीचं काही बोलू नकोस. पण मुलीचा चुलतभाऊ पुण्यातला, त्यानं सगळं बाहेर काढलं. बैठकीत शांतता. मुलीच्या मामांनी नरमाईनं विचारलं, ‘मुलगा निर्व्यसनी ना?’

‘अगदी. चहासुद्धा बिनसाखरेचा.’

‘आणि गाडी?’

मध्यस्थ खाली बघून म्हणाला, ‘गाडी तिसावर आहे.’

मुलीचे वडील कारखान्याचे सभासद. त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत लावला. ‘म्हणजे पंपावर वीस मिळतं, त्यावर स्वतःच्या पैशानं दहा टक्के आणखी घालतो?’

‘हो.’

‘उसाचं घालतो का मक्याचं?’

पोरगा पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला, ‘ते पंपावर कळत नाही काका.’

‘विचारत जा,’ सासरे म्हणाले, आणि पोह्यांची बशी त्याच्याकडं सरकवली.