प्रश्न उद्भवत नाही

लोकसभेच्या अध्यक्षपदावर मराठी माणसाचा हक्क जवळजवळ वडिलोपार्जित आहे. पहिलेच अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. पुढे शिवराज पाटील, मनोहर जोशी आणि चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन. यानंतर माझे नाव यायला तांत्रिक अडचण एकच : मी कुठूनही निवडून आलेलो नाही. बाकी तयारी पूर्ण आहे. अधिवेशन सुरू असले की अकराच्या आत आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा चढवून मी संसद टीव्हीसमोर बसतो. अध्यक्ष आले की खासदार उभे राहतात, मीही राहतो.

"बसा खाली, तुम्हाला कुणी बघत नाहीये," असे बायको म्हणते. मागच्या बाकांवरच्या कित्येक खासदारांचेही तेच दुःख आहे, हे तिला कोण सांगणार?

गदारोळाचा कुठलाही दिवस घ्या. अकराला प्रश्नोत्तराचा तास पुकारला जातो आणि लगेच फलक घेतलेली मंडळी हौदात उतरतात. "आपापल्या जागेवर बसा." कुणी बसत नाही. बारापर्यंत तहकूब. बारा वाजता मंत्री एकेक करून उठतात, कागद सभापटलावर ठेवल्याचे सांगतात आणि बसतात. दोनपर्यंत तहकूब. दोनला त्याच कोलाहलात एखादे विधेयक आवाजी मतदानाने संमत. सगळेच ओरडत असताना 'हो'चा आवाज मोठा की 'नाही'चा, हे ओळखणारा कान मला तानपुरा जुळवणाऱ्याकडेही आढळला नाही. मग उद्या सकाळी अकरापर्यंत तहकूब. हे शेवटचे वाक्य अध्यक्षांच्या आधी मीच उच्चारतो आणि सहसा चुकत नाही.

असला दिवस वाया गेला असे लोक म्हणतात. मी म्हणत नाही, कारण मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि सभा सोडून बाकी सगळे मी लोकसभेकडून उचलले आहे. त्यातही लेखी उत्तरे! लोकसभेच्या यादीत दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न असतात. तारांकितांना तोंडी उत्तर, अतारांकितांना लेखी. या लेखी उत्तरांइतके संयमी गद्य आपल्याकडे दुसरे नाही. प्रश्नाचे चार भाग असतात. पहिल्याला उत्तर : 'जी नाही.' उरलेल्या तिघांना मिळून : 'प्रश्न उद्भवत नाही.' खासदाराने पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, सोडतीत नशीब काढायचे आणि अखेर आपला प्रश्न उद्भवलाच नव्हता असे कळायचे. वेदान्ताला तरी याहून वेगळे काय सांगायचे असते? आपल्या मुंबईच्या विधिमंडळाने या शास्त्रात 'हे अंशतः खरे आहे' अशी मोलाची भर घातली आहे. कुठला अंश, हे गुलदस्त्यात. पण माझे सर्वांत लाडके उत्तर म्हणजे 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभापटलावर ठेवण्यात येईल.' हे वाक्य आश्वासन मानले जाते. ते तीन महिन्यांत पुरे व्हावे असा दंडक आहे आणि त्यावर नजर ठेवायला १९५३ पासून एक समिती आहे. आमच्या सोसायटीत अशी समिती नाही. म्हणून पाण्याची टाकी कधी धुणार, या प्रश्नाला मी हेच उत्तर टाइप करून, शिक्का मारून लिफ्टशेजारी लावले. शिक्का किंचित तिरका पडला, तेवढी एक खंत.

पण एका गोष्टीची मला खरोखर चीड येते. तारांकित प्रश्नाची खरी गंमत छापील उत्तरात नसतेच. ते खात्यातल्या अधिकाऱ्यांनी लिहिलेले असते. मंत्री 'विवरण पटलावर ठेवले आहे' एवढेच म्हणतात. मग प्रश्नकर्त्याला दोन पूरक प्रश्न मिळतात आणि त्यांची उत्तरे मंत्र्यांना उभ्या उभ्या द्यावी लागतात. लाखो मतदारांच्या वतीने एक माणूस सरकारला तोंडावर विचारतो, 'म्हणजे नक्की काय?' १९५७ साली आयुर्विमा महामंडळाचे पैसे मुंदडांच्या कंपन्यांत कसे गेले, याची विचारणा अशीच सभागृहातल्या प्रश्नांतून सुरू झाली. फिरोज गांधींनी आपल्याच पक्षाच्या सरकारला सोडले नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. तास बुडाला की लेखी उत्तर तेवढे पटलावर सुखरूप पोचते. मरतो तो पूरक प्रश्न. गोंधळ विरोधकांनी घातला की सत्ताधाऱ्यांनी घडू दिला, यावर रात्री वाहिन्यांवर भांडण होते. त्या सकाळी सुटला तो मंत्री, एवढे मात्र दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

हे सगळे मी आमच्या वार्षिक सभेत प्रास्ताविक म्हणून सांगितले. सभासद भारावले होते. निदान कुणी उठून गेले नाही, कारण समोसे शेवटी होते. मी बसणार एवढ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी हात वर केला.

"अहो सेक्रेटरी, लिफ्टपाशी लावलेलं वाचलं. माहिती कुठून गोळा करताय? टाकी तर गच्चीवरच आहे ना?"

मी अध्यक्षांकडे पाहिले. ते समोशांकडे पाहत होते. तेव्हा मीच सभा पंधरा मिनिटे चहासाठी तहकूब केली.

"घ्या की चहा सावकाश," काकू म्हणाल्या, "माझा अजून दुसरा प्रश्न आहे. पाण्याला वास का येतो, तो."

टाकी त्याच रविवारी धुतली.