लाल चड्डीची अब्रू

"भाऊजी, ही बाहेरूनच घालायची ना हो?"

गडग्यापलीकडून वहिनींचा आवाज आला. हातात नातवाचा सुपरमॅनचा पोशाख: निळी विजार, पाठीवर सोडायचा लाल शेला आणि वेगळी शिवलेली लाल चड्डी. सुटीला आलेला नातू तो घालून चिखलात उतरला होता. आता सगळं धुऊन वाळत घालताना वहिनी चड्डीपाशी अडल्या होत्या.

"बाहेरूनच," मी म्हटलं. "मधली काही वर्षं सिनेमावाल्यांनी बंद केली होती, ती गोष्ट वेगळी."

"काय बंद केलं होतं?"

"चड्डी."

एवढं पुरे होतं. वहिनींनी चिमटे टोपलीत टाकले आणि गडग्यावर कोपर टेकलं. कुणी काय बंद केलं आणि का केलं, हे कळल्याशिवाय त्या जागच्या हलत नाहीत.

मग सांगत बसलो. सुपरमॅन १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला, तो ही चड्डी घालूनच. त्या काळी तिकडच्या सर्कशीतले ताकदीचे खेळ करणारे पैलवान अंगाला चिकटलेल्या कपड्यांवर अशी चड्डी घालत. त्यामुळे तेव्हा कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पुढे २०१३ मध्ये झॅक स्नायडरनं 'मॅन ऑफ स्टील' काढला. त्यात चड्डी गेली, रंगही काळवंडले. कारण काय, तर सगळं खरंखुरं वाटलं पाहिजे.

"म्हणजे माणूस आभाळात उडतो ते खरं, आणि चड्डी तेवढी खोटी?"

"तसंच काहीसं."

"खरंबिरं काही नाही हो, लाज वाटली असणार," वहिनी म्हणाल्या. "मुलीला बघायला माणसं आली की घरातल्या विसराळू काकांना मागच्या पडवीत बसवतात ना, त्यातलाच प्रकार."

मला त्यांचं म्हणणं पटलं, कारण लगेच 'एक्स-मेन' आठवला. पुस्तकातला वुल्व्हरीन पिवळाधमक पोशाख घालतो. २००० साली सिनेमा आला, तेव्हा सगळ्या चमूला काळं चामडं चढवलं. वुल्व्हरीन त्या कपड्यांवरून कुरकुर करतो, तर जोडीदार त्यालाच टोमणा मारतो की मग काय पिवळं चिकटं काही घालायचं होतं? आपल्याच पुस्तकाची अशी टिंगल! अर्थात त्यांनी धसका घेतला होता. तीनच वर्षांपूर्वी 'बॅटमॅन अँड रॉबिन'चं इतकं हसं झालं होतं की ठरलेला पुढचा भागच गुंडाळून ठेवला. त्यातल्या रबरी पोशाखावर नको तिथे नको ते घडवलं होतं.

"म्हणजे काय?"

"ते जाऊ दे वहिनी. सांगायचं हे, की वुल्व्हरीन झालेल्या ह्यू जॅकमननं तो पिवळा पोशाख अंगात घातला तेव्हा २०२४ साल उजाडलं होतं. आणि लोकांना तो आवडला की!"

तेवढ्यात अण्णा पेपर घेऊन पडवीतून उतरले. अण्णांनी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. आमचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं असणारच.

"अरे, त्या चिंध्यांचं काय घेऊन बसलास? नोलनचं नाव घे. त्याचा २००५ चा 'बॅटमॅन बिगिन्स' बघ. पाठीवरचं कापड वीज सोडली की ताठ होतं. चिलखत सैन्यासाठी बनवलेलं, पण एका शिपायामागे एवढा खर्च नको म्हणून पडून राहिलेलं. गाडीही लष्कराचीच. कुठली वस्तू आली कुठून, ते सगळं सांगितलंय. आणि मुखवटे कसे मागवतात माहीत आहे? एकदम दहा हजार! म्हणजे कुणाला संशय येत नाही."

"दहा हजार?" वहिनींचे डोळे मोठे झाले. "लागायचा एक. बाकीच्यांचं काय केलं?"

"सुटे म्हणून ठेवले असतील," अण्णा म्हणाले. "पुढचा भाग, २००८ चा 'द डार्क नाइट'. आधीच्या बॅटमॅनांना मान वळवता येत नसे. मुखवटा खांद्यालाच जोडलेला, त्यामुळे मागे बघायचं तर सगळं अंग फिरवायचं. यात तो स्वतःच तक्रार करतो, मान वळेल असं काहीतरी करा. त्याला ही सगळी सामग्री पुरवणारा म्हातारा फॉक्स म्हणतो, बरं होईल, गाडी मागे घेताना उपयोगी पडेल. आणि तो लांबलचक ट्रक उलटतो ना? शिकागोच्या भर रस्त्यात खरोखर उलटवलाय, संगणकावर नाही."

अण्णा रंगात आले होते, पण मीही तयारीत होतो. म्हटलं, "अण्णा, इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या ताठ कापडाचं गणित मांडलं. दीडशे मीटर उंच इमारतीवरून उडी मारली तर बॅटमॅन साडेतीनशे मीटर तरंगत जाईल. ते जमेल. पण जमिनीला टेकताना वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास असेल."

अण्णांनी पेपरची घडी केली. ओठ हलले. "म्हणजे सेकंदाला बावीस मीटर... वेगाचा वर्ग, भागिले दोन जी..." मग थोडे ओशाळून म्हणाले, "पंचवीस मीटरवरून पडल्यासारखं. आठ मजले होतात रे."

"आणि 'बॅटमॅन बिगिन्स'च्या शेवटचं ते यंत्र? लांबूनच पाइपातल्या पाण्याची वाफ करतं, पण शेजारी उभ्या माणसाला चटकाही बसत नाही."

"माणसाच्या अंगात पाणी नसतं का?" अण्णा स्वतःशीच पुटपुटले.

"मग काय राहिलं तुमच्या नोलनचं?" वहिनींनी संधी साधली.

पण नोलनचं पुष्कळ राहतं. त्याला विज्ञान सांभाळायचंच नव्हतं. बघणाऱ्याच्या मनात येणारे घरगुती प्रश्न त्यानं ओळखले: कपडे कुणी शिवले, पैसे कुणी भरले, मान दुखत नाही का. तेवढ्यांची उत्तरं चोख दिली की मोठी थाप आपण बिनबोभाट गिळतो. त्याची नक्कल करणाऱ्यांनी मात्र काळा रंग आणि लांब चेहरा तेवढा उचलला.

"आणि खरं वाटायला काळोखच लागतो असं थोडंच आहे?" मी म्हटलं. "१९७८ चा सुपरमॅन घ्या. रिचर्ड डॉनरनं आपल्या माणसांना बजावून ठेवलं होतं की काहीही झालं तरी खरं वाटलं पाहिजे. पण म्हणून चड्डीला हात लावला नाही. उडण्यासाठी झोरान पेरिसिक नावाच्या माणसानं युक्ती काढली. कॅमेरा आणि प्रोजेक्टर, दोघांची भिंगं एकाच वेळी झूम करायची. मागचं चित्र तेवढंच दिसतं, आणि पुढे टांगलेला माणूस मात्र अंगावर आल्यासारखा वाटतो."

अण्णांनी मान डोलावली. भिंगांचं काही निघालं की ते खूश असतात. तरी म्हणाले, "पण चष्मा लावला की ओळखू येत नाही, हे कसं मानायचं?"

"तेच बघायला हवं. क्लार्क म्हणजे चष्मा लावलेला सुपरमॅन. तो त्याला आवडणाऱ्या लोइसच्या घरात उभा आहे, ती आतल्या खोलीत. त्याच्या मनात येतं, सांगून टाकावं. तो चष्मा काढतो. पोक काढलेली पाठ सरळ होते, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो. त्याच कोटात, त्याच जागी दुसराच माणूस. मग धीर होत नाही, चष्मा परत नाकावर, आणि डोळ्यांदेखत तो पुन्हा बावळट क्लार्क. कसली युक्ती नाही, यंत्र नाही. क्रिस्टोफर रीव्हनं नुसतं अंग वापरलंय. चष्म्याची थाप तिथे खरी होऊन जाते."

"आणि चड्डी परत कधी आली?" वहिनी मूळ मुद्दा सोडणाऱ्यांतल्या नव्हेत.

"२०२५ मध्ये. जेम्स गननं नवा 'सुपरमॅन' केला. ठेवावी की काढावी, त्याचं बराच काळ ठरत नव्हतं. तेव्हा सुपरमॅन झालेला डेव्हिड कोरेनस्वेट त्याला म्हणाला, हा परग्रहावरून आलेला, डोळ्यांतून आग सोडणारा माणूस. लहान मुलांनी आपल्याला घाबरू नये असं त्याला वाटत असणार. मग तो असाच काहीतरी भडक, हसू येईल असा पोशाख नाही का घालणार?"

वहिनी क्षणभर चड्डीकडे बघत राहिल्या. "हे पटलं. काढून टाकण्यापेक्षा कारण शोधलं."

अण्णांना हार पचत नव्हती. "मग स्पायडरमॅनचं काय म्हणणं आहे? १९६२ पासून पुस्तकात तो पोरगा जाळं सोडायचं यंत्र स्वतः घरी बनवतो. सॅम रायमीच्या २००२ च्या सिनेमात जाळं सरळ मनगटातून निघतं. का? तर शाळकरी पोरानं घरात असला पदार्थ तयार करणं खरं वाटत नाही! कोळी चावून भिंतीवर चढणं बरं खरं वाटतं!"

"तो परवा लागला होता की, दुसरा भाग," वहिनी म्हणाल्या. "तो आगगाडीचा."

२००४ चा. गोष्ट न्यूयॉर्कची, पण उंचावरून धावणारी ती गाडी शिकागोची. ब्रेक गेलेत, रूळ पुढे संपतात. स्पायडरमॅन इंजिनाच्या तोंडाशी उभा राहून दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी मारतो, छाती फाटेस्तोवर ताणून गाडी थांबवतो आणि बेशुद्ध पडतो. मुखवटा केव्हाच गेलेला. उतारू त्याला हातांवर उचलून आत नेतात, खाली निजवतात, आणि बघतात तर अगदी कोवळा पोरगा. दोन मुलं मुखवटा आणून देतात आणि सांगतात, आम्ही कुणाला सांगणार नाही.

"तिथे माझ्या डोळ्यांत पाणी येतं," मी म्हटलं. "म्हणजे तेवढं तरी खरं मानायला हवं ना, वहिनी?"

"छे! सगळ्यात खोटं तेच!" वहिनींनी चिमट्यांची टोपली उचलली. "भिंतीवर चढतो, चढू दे. मनगटातून जाळं काढतो, काढू दे. गाडी थांबवली, तेही मानलं. पण भरल्या डब्यानं त्याचं तोंड पाहिलं आणि एकाही बाईमाणसानं घरी जाऊन अवाक्षर काढलं नाही? कल्पनेलाही काही धरबंध असावा, भाऊजी!"