भाता नसलेली पेटी

पेटी वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला आजवर कुणी दाद दिल्याचं मला आठवत नाही. दाद जाते उजव्याला. तो पळतो, मुरकतो, गाणाऱ्याच्या तानेमागे धापा टाकत जातो, आणि 'वा!' येते ती त्याच्या नावावर जमा होते. डावा आपला मागे भाता हलवत बसलेला. लग्नात मांडवामागे चुलाणापाशी बसलेल्या आचाऱ्यासारखा. स्वयंपाक त्याचा, कौतुक वाढप्याचं. माझ्या डाव्या हाताने अशी पंचेचाळीस वर्षं बिनतक्रार काढली. गेल्या श्रावणात मात्र त्याला एका दिवसात सक्तीची निवृत्ती मिळाली, आणि तेव्हापासून आमच्या घरात चहाचे कप लवंडू लागले.

त्याचं असं झालं. माझी नात न्यू जर्सीत असते. अकरा वर्षांची आहे, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. तिकडच्या गणेशोत्सवात तिला पणजोबांची चाल वाजवायची होती. पणजोबा म्हणजे माझे वडील. ते गावच्या भजनी मंडळात पेटीवर असत, आणि एका अभंगाला त्यांनी लावलेली चाल मंडळ अजून गातं. "आजोबा, शीट म्युझिक पाठवा ना," असं नातीने फोनवर सांगितलं. मी त्याच रात्री वही काढली आणि भातखंडे पद्धतीने अख्खी चाल लिहिली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तार सप्तकाच्या स्वराच्या डोक्यावर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. पंडित भातखंडे मूळचे वकील. घराण्याघराण्यांत कुलूपबंद असलेल्या चिजा त्यांनी जमवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापून सगळ्यांना मोकळ्या केल्या. त्यांची लिपी मला नेहमी एखाद्या चोख खरेदीखतासारखी वाटते. मी पानाचा फोटो पाठवला.

उत्तर आलं, "आजोबा, खूप छान अक्षर आहे. पण सा म्हणजे कुठला?"

सा म्हणजे कुठला! साठी उलटून गेली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आमचा सा म्हणजे पाट. बसणारा येईल तसा मांडायचा. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणाला पांढरी चार लागते, बायकांची भिशी-भजनं काळी पाचात चालतात. पाट सरकला तरी जेवण तेच. पाच रेघांच्या कागदावर मात्र तसं नाही. तिथे प्रत्येक सुराचा सातबारा लागतो. 'सा' एवढ्यावर भागत नाही, गट नंबर सांगावा लागतो.

लेकीने तोडगा काढला. "बाबा, म्यूजस्कोर नावाचं स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. आणि एक मिडी कीबोर्ड घ्या. तुम्ही वाजवलं की आपोआप लिहिलं जाईल." 'आपोआप' या शब्दाची मला जुनी धास्ती आहे. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हाही सगळं आपोआप होणार होतं, आणि पुढचे कित्येक महिने आम्ही रात्री नऊला घरी पोचत होतो.

तरी कीबोर्ड आणला. चार सप्तकं, एकोणपन्नास पट्ट्या, वजनाला तांदळाच्या पिशवीपेक्षा हलका. टेबलावर मांडला, पेटीला करतो तसा नमस्कार केला, आणि काळी दोन दाबली. वडिलांची चाल काळी दोनमधली. काही नाही. पुन्हा दाबली. पट्टी खाली गेली, वर आली, आवाज शून्य. मागून बायको म्हणाली, "अहो, बिघडलेली आणलीत का?"

शेजारचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा धावून आला. "काका, याला स्वतःचा आवाज नसतोच. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढंच हा कॉम्प्युटरला कळवतो. आवाज कॉम्प्युटर काढतो."

म्हणजे हे वाद्य नव्हतंच. वाड्यातल्या जिन्याखालची बाई होती. स्वतः काही करायचं नाही, पण कोण किती वाजता आलं, किती जोरात दार आपटलं, ही बातमी वर पोचवायची. पुढे वाचताना कळलं, की 'मिडी' ही या बातम्यांची सर्वमान्य भाषा. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले गेले. एकावर बोट ठेवलं की दुसराही बोलू लागला. त्यामागची मुख्य माणसं दोन, अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी. एकमेकांचे धंद्यातले स्पर्धक, पण ही भाषा त्यांनी कुणालाही फुकट वापरू दिली. आज चाळीस वर्षांनंतरही माझा बिनआवाजी कीबोर्ड तीच बोलतो. मधला सी म्हणजे ६०. माझी काळी दोन ६३. बोटाचा जोर १२७ पर्यंत मोजतो.

या जोरानेच पहिली फजिती केली. पेटीची पट्टी हळू दाबा की धाडकन, आवाज तेवढाच. लहानमोठेपणा सगळा भात्यात, म्हणजे डाव्या हातात. त्यामुळे आम्हा पेटीवाल्यांची बोटं पट्टीवर पाणी शिंपडल्यासारखी पडतात. कीबोर्डने प्रामाणिकपणे कळवलं, जोर अठ्ठावीस, जोर एकतीस. स्पीकरमधून शेजारच्या गल्लीत कुणी वाजवतंय असा आवाज येऊ लागला. शिवाय तो येतही होता उशिरा. पट्टी आता दाबावी आणि सूर मागाहून यावा, जुन्या ट्रंक कॉलसारखा. मुलाने कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही ब्लूटूथ स्पीकर लावलाय. वायरचा हेडफोन लावा." लावला. सूर बोटाशी येऊन बसला. काही दुखण्यांवर वायर हेच औषध आहे.

मग लिहायला बसलो. 'एन' दाबलं की लिहिण्याची परवानगी मिळते. पाच आकडा म्हणजे एक मात्रा, चार म्हणजे अर्धी, सहा म्हणजे दोन. आधी आकडा, मग पट्टी, की कागदावर काळं बी टपकन पडतं. तासाभरात लक्षात आलं, की हे काम आपण आयुष्यभर केलेलं आहे. मी बँकेत रोखपाल होतो. इथेही प्रत्येक खणात चार मात्रा जुळल्याच पाहिजेत. तीनच भरल्या तर म्यूजस्कोर उरलेल्या जागी स्वतःहून विरामाचं चिन्ह टाकतो. साडेचार झाल्या तर जास्तीची अर्धी पुढच्या खणात नेतो आणि वर कमान काढून सांगतो, मागील पानावरून पुढे. रोकड जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही! इतक्या वर्षांनी एखादा सज्जन हेडकॅशियर भेटल्यासारखं वाटलं.

एका बाबतीत मात्र तो गोंधळतो. काळी दोनला तो कधी 'डी शार्प' म्हणतो, कधी 'ई फ्लॅट'. पट्टी एक, बाई एक, पण माहेरचं नाव वेगळं आणि सासरचं वेगळं. कीबोर्डला नावाशी देणंघेणं नाही, तो फक्त ६३ एवढाच निरोप देतो. कुठल्या नावाने हाक मारायची हे म्यूजस्कोरने अंदाजाने ठरवायचं. आपण सुरुवातीलाच कागदावर पट्टीची खूण घातली, म्हणजे कुठल्या घरात आलोय हे सांगितलं, की तो बहुतेक वेळा शहाण्यासारखं वागतो. मी आधी सांगितलंच नव्हतं. पहिल्या पानावर तर शार्पच्या जाळ्या अशा पसरल्या होत्या, की जणू बाल्कनीत कबुतरं येऊ नयेत म्हणून लावल्यात.

कीबोर्डच्या डाव्या टोकाला एक छोटं चाक आहे. ते फिरवलं की सूर वर-खाली घसरतो. मी हरखलोच. पेटीला मींड येत नाही, हा पेटीवरचा जुना आरोप. अशाच आरोपांवरून ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून पेटीला दार बंद केलं, ते कित्येक वर्षं उघडलं नाही. वडील हे सांगताना काल घडल्यासारखे चिडत. आता त्यांच्या पिढीचा वचपा काढायची संधी माझ्या डाव्या हाताशी आली होती. मी गंधारावरून पंचमाकडे चाक फिरवलं. स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "मांजर आत आलंय का?" आणि या वचपाकाढूपणाची कागदावर नोंदही नव्हती. खणात गंधाराचं बी होतं, पंचमाचं बी होतं. त्यांच्यामधला रस्ता कुठेच नव्हता.

एकेक बी पेरून कंटाळलो तेव्हा मुलाने दुसरा मार्ग दाखवला. ठोके चालू ठेवायचे, आपण सरळ वाजवत जायचं, म्यूजस्कोर मागून लिहीत येतो. लेक म्हणाली होती तो 'आपोआप' हाच. ठोके पहिल्याने फारच जलद होते. भजन नव्हे, लोकल पकडायला निघाल्यासारखं वाटलं. ते निम्म्यावर आणले आणि वाजवलं. कागदावर जे उमटलं ते बघून मी पाणी प्यालो. मी स्वतःला तालाचा पक्का समजतो. कागद म्हणत होता, हा माणूस समेवर पाव मात्रा आधी येतो, पंचमावर रेंगाळतो आणि एकही सूर वेळेवर सोडत नाही. चुगली करणाऱ्याचं चूक नव्हतं. मंडळात मृदंग सांभाळून घेतो, टाळ झाकून घेतात, आणि श्रोते देवाकडे बघत असतात. इथे कुणीच नव्हतं.

आठ दिवस सराव केला. कागद हळूहळू निवळला. सातवा खण तेवढा हट्टाला पेटला होता. तिथे चालीतला सर्वांत लांब सूर आहे, तार षड्ज, पूर्ण चार मात्रांचा. मी चार वाजवायचो आणि म्यूजस्कोर लिहायचा साडेतीन, आणि पुढे अर्ध्या मात्रेचा विराम. पुन्हा वाजवलं, पुन्हा साडेतीन. विराम खोडून मी हाताने चार मात्रा लिहिल्या आणि ऐकलं. हिशेब बरोबर होता, चाल परकी वाटत होती. शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावल्यासारखी.

आणि कप. टेबलावर कीबोर्डच्या डाव्या बाजूला, जरा मागे, बायको चहा ठेवायची. आठवड्यात तिसरा कप लवंडला तेव्हा ती फडकं घेऊन आली, पण पुसायच्या आधी थांबली. म्हणाली, "अहो, तुम्ही दर वेळी त्याच जागी सांडता."

"टेबलावर?"

"टेबलावर नाही, गाण्यात. तो लांब सूर संपला की."

मी पुन्हा वाजवलं, या वेळी उजव्या हाताकडे न बघता. तार षड्ज आला, साडेतीन मात्रा राहिला, आणि माझा डावा हात कीबोर्डच्या मागे गेला. तिथे नसलेला भाता त्याने पुढे ओढला आणि भरला. मग चाल पुढे निघाली.

वडिलांच्या पेटीचा भाता फुटका होता. एका घडीवर चामड्याचा तुकडा डकवलेला, तोही एका कोपऱ्यात सुटलेला. लहान सूर निभायचे. लांब सुरात हवा संपायची, आणि पुन्हा भरेपर्यंत अर्धी मात्रा जायची. वडिलांनी ती अर्धी मात्रा चालीतच बसवून टाकली होती. मंडळ तिथे श्वास घ्यायचं, मृदंगवाला तेवढ्यात एक छोटा तुकडा टाकायचा. भाता दुरुस्त करावा असं कुणाच्या डोक्यात आलं असेल, पण पैसे नसतील. पुढे ती पेटी गेली, वडील गेले, मी नोकरी लागल्यावर चांगल्या भात्याची पेटी घेतली. चाल मी त्यांच्या मांडीशी बसून उचललेली, ती भोकासकट. इतकी वर्षं मी धडक्या पेटीवर फुटक्या पेटीचा श्वास घेत होतो, आणि हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? मंडळातले सगळे तसंच गातात.

विराम मी परत जागेवर ठेवला. मग सगळं निवडून अर्धा सूर खाली आणलं, कारण व्हायोलिनला पांढरी दोन सोयीची पडते असं नातीच्या बाईंनी कळवलं होतं. पाट सरकवायला एक क्षण लागला. कागद रवाना केला.

रविवारी व्हिडिओवर तिने वाजवून दाखवलं. कागदाबरहुकूम, एकही बी इकडेतिकडे नाही. सातव्या खणात तार षड्ज धरला, साडेतीन मात्रांवर गज उचलला, आणि अर्धी मात्रा हवेत ठेवला. माझ्या शेजारी बसलेल्या बायकोने माझा डावा हात धरून ठेवला होता.

"आजोबा, इथे रेस्ट का आहे? बाई म्हणाल्या की सूर पूर्ण धरला तर जास्त छान वाटेल."

मी तिला फुटक्या भात्याची गोष्ट सांगितली. भाता म्हणजे काय इथपासून सांगावी लागली. तिने ऐकून घेतलं, पेन्सिल घेतली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. विरामाच्या चिन्हावर, इंग्रजी अक्षरांत, तिने लिहिलं होतं, 'भाता'.

बायको आता चहा उजवीकडे ठेवते.